कावेरीकाठची ओळखीची चव

बदलीचा हुकूम हाती पडला की बँक कर्मचाऱ्याच्या घरात दोन प्रश्न प्रथम उपस्थित होतात : मुलांची शाळा आणि राहण्याची जागा. तिसरा प्रश्न उघडपणे कोणी विचारीत नाही. परंतु सामानाची बांधाबांध सुरू झाली की तो आपोआप प्रकट होतो. गोड्या मसाल्याची बरणी, मेतकुटाचा डबा, थालीपिठाची भाजणी, आमसुलांची पुडी या गोष्टी कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवल्या जातात. नव्या गावात भाषा वेगळी, माणसे वेगळी. निदान पानातले तरी आपले असावे, ही त्यामागची भावना असते. आजकाल बदलीच्या ठिकाणी एकट्याने राहणारे अधिकारी, त्यांत स्त्रियाही आल्या, पुष्कळ आहेत. त्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न रोज रात्री आठ वाजता नव्याने उभा राहतो.

समजा, हा हुकूम म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगरचा आहे. म्हैसूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, म्हैसूर–हासन रेल्वेमार्गावरील हे तालुक्याचे गाव कावेरीच्या काठी वसले आहे. जुने नाव येडतोरे. तेथील नदीकाठचे अर्केश्वराचे देऊळ आजही भाविकांना परिचित आहे. नवे नगर वसले ते म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांच्या कारकिर्दीत आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. येथून पुढे वाहत जाऊन कावेरी ज्या जलाशयात शिरते, तो कृष्णराजसागरही त्यांच्याच नावाचा. बँकेच्या वाचकांना आणखी एक दुवा जवळचा वाटेल : याच महाराजांच्या काळात, १९१३ साली, बँक ऑफ म्हैसूरची स्थापना झाली. पुढे तिची स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि २०१७ मध्ये ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

कालव्यांच्या पाण्यावर या भागात भातशेती बहरली. ‘भत्तद कणज’, म्हणजे भाताचे कोठार, असेच या तालुक्याला म्हणतात. पावसाळ्यात लावणी झाली की हिरवी खाचरे दूरवर पसरलेली दिसतात आणि मार्गशीर्ष-पौषात कापणीची लगबग उडते. अशा गावी भाताशिवाय जेवण संभवत नाही. मराठी मनुष्य, विशेषतः ज्वारी-बाजरीच्या प्रदेशातील, येथे प्रथम थोडा बावरतो. पोळी कोठे आहे, असे त्याला विचारावेसे वाटते. पण थोडे थांबून त्याने पानातल्या पदार्थांची नावे ऐकली, तर त्याच्या कानाला काही तरी ओळखीचे लागते.

वांगी कोणाची, भात कोणाचा?

म्हैसूरकडील उपाहारगृहात सकाळी फळ्यावर ‘वांगीबाथ’ हे नाव हमखास असते. नावाचा उच्चार थोडा सैल केला की उरतो तो आपला वांगीभात. गंमत अशी की, कन्नडमध्ये वांग्याला ‘बदनेकाई’ म्हणतात. ‘भत्त’ म्हणजे तेथे साळ, टरफलासह असलेले धान्य. शिजला की त्याचे होते ‘अन्न’. म्हणून दहीभात तो ‘मोसरन्न’ आणि लिंबाचा पिवळा भात तो ‘चित्रान्न’. या न्यायाने वांगीभाताला कन्नड नाव मिळायला हवे होते. परंतु तो आपले मराठी नाव घेऊनच म्हैसूरच्या स्वयंपाकघरात स्थिरावला. इतकेच नव्हे, तर ‘बाथ’ हा शब्द पुढे तांदळाची संगतही सोडून गेला. ‘खाराबाथ’ म्हणजे भाज्या घातलेला तिखट सांजा आणि ‘केसरीबाथ’ म्हणजे केशरी रंगाचा शिरा. एकाच ताटलीत दोन्ही मागवायचे असतील तर ‘चौचौबाथ’ मागावा. नवखा मराठी पाहुणा भाताच्या अपेक्षेने बसतो आणि पुढ्यात रवा येतो!

शब्दांना येण्याच्या वाटा पुष्कळ होत्या. १६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. तंजावरला व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचे राज्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. सरफोजीराजांच्या काळातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठीतील पाकग्रंथ तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. तंजावरकडील मराठी घराण्यांतील माणसे पुढे दक्षिणेतील संस्थानांत कारभारी झाली. खुद्द कृष्णराज महाराजांच्या पदरी १९०६ ते १९०९ या काळात व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यानंतर १९१२ पर्यंत टी. आनंदराव हे दिवाण होते. आनंदराव म्हणजे बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. त्यांच्यामागून दिवाणपदी आले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दिवाणांच्या पंक्तीला काय वाढले जात होते हा विषय दप्तरात नोंदला जात नाही. पण मोठ्या घरच्या मुदपाकखान्यातून पदार्थांची नावे गावात झिरपतात, हे कोणत्याही संस्थानी गावचा मनुष्य सांगेल.

वांगीबाथाला लांबट हिरवी वांगी लागतात. चार माणसांसाठी दीड वाटी तांदळाचा भात मोकळा शिजवून परातीत पसरून ठेवावा. येथे जुना तांदूळच घ्यावा. नव्याचा गोळा होतो. चार-पाच वांग्यांच्या उभ्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. तेलात मोहरी, हरभऱ्याची व उडदाची डाळ, कढीपत्ता आणि हिंग यांची फोडणी करून त्यावर फोडी परताव्यात. त्या मऊ झाल्या की दोन चमचे चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ आणि दोन मोठे चमचे मसाला घालून वाफ आणावी व भात त्यात हलक्या हाताने मिसळावा. एवढेच. आपल्या मसालेभातात तांदूळ मसाल्याबरोबर शिजतो. येथे भात आणि भाजी वेगवेगळी तयार होऊन शेवटी एकत्र येतात. त्यामुळे सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी, रात्रीच्या उरलेल्या भातावरही हा पदार्थ वीस मिनिटांत होतो.

मसाल्यातील मराठी कळी

हा मसाला कोणता, हे सांगण्यासाठी किराणा दुकानात जावे लागेल. तेथे लवंगेच्या आकाराची पण तिच्याहून बरीच मोठी, देठ असलेली, तपकिरी काळसर अशी एक वाळलेली कळी मिळते. तिचे नाव ‘मराठी मोग्गु’. मोग्गु म्हणजे कळी. सावरीच्या जातीच्या झाडाची ही कळी वाळवून मसाल्यात वापरतात. तेलात परतली की तिला मोहरी आणि मिरी यांच्या दरम्यानचा एक वास सुटतो. तमिळ आणि तेलुगू प्रदेशातही तिच्या नावामागे ‘मराठी’ हे विशेषण लागतेच. आणि मराठी घरात? नागकेशर आहे, दगडफूल आहे, बादियान आहे. ही कळी मात्र बहुतेक घरांत कोणी पाहिलेलीही नसते. आपल्याच नावाची वस्तू परक्या गावच्या दुकानदाराने आपल्याला दाखवावी, असा हा प्रसंग आहे.

म्हैसूरचा सुप्रसिद्ध ‘बिसिबेळेबाथ’ या कळीवाचून अपुरा समजला जातो. बिसि म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ. नावातच कृती आली : गरम गरम डाळभात. पुष्कळ मराठी पाहुणे त्याला खिचडी म्हणून मोकळे होतात, पण ते बरोबर नाही. खिचडी आजाऱ्याच्याही पथ्याला चालते. बिसिबेळे म्हणजे आंबट-तिखट आमटी, भाज्या आणि भात यांनी एकमेकांत पूर्ण विरघळून तयार केलेला सणाचा पदार्थ होय.

मसाला घरीच करावा. बाजारात तयार पुड्या मिळतात आणि घाईच्या दिवशी त्या उपयोगी पडतात हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु घरी भाजलेल्या डाळींचा खमंगपणा पुडीत फार दिवस टिकत नाही. दोन मोठे चमचे धने, एक मोठा चमचा हरभऱ्याची डाळ, अर्धा चमचा उडदाची डाळ, पाव चमचा मेथी, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, तीन लवंगा, दोन मराठी मोग्गु, एक चमचा खसखस आणि सात-आठ बेडगी मिरच्या हे जिन्नस थोड्या तेलावर, मंद आचेवर, वेगवेगळे भाजावेत. शेवटी दोन मोठे चमचे किसलेले सुके खोबरे परतून सर्व थंड झाल्यावर कुटावे. मेथी काळी झाली तर सारा मसाला कडू होतो, तेवढे सांभाळावे. बेडगी मिरची ही कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याची. रंग गडद देते आणि जाळत नाही. म्हणूनच आठ मिरच्या ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

या मसाल्यात एक गोष्ट चाणाक्ष गृहिणीच्या लक्षात येईल. गोड्या मसाल्यात डाळ नसते. म्हैसूरच्या जवळजवळ प्रत्येक पुडीत ती असते. भाजलेली डाळ शिजताना पाणी शोषून घेते आणि रसाला अंगचा दाटपणा येतो. आपल्याकडे डाळ भाजून दळण्याची ही युक्ती मेतकुटापुरती राहिली. तेथे तिचा विस्तार सबंध स्वयंपाकात झाला.

आता प्रत्यक्ष कृती. एक वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी तूरडाळ धुऊन, हळद घालून, पाच ते सहा वाट्या पाण्यात कुकरला अगदी मऊ शिजवावी. दुसरीकडे फरसबी, गाजर, नवलकोल, मटार, ओले शेंगदाणे असे दोन वाट्या जिन्नस वाफवून त्यात लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, थोडा गूळ, मीठ आणि तीन मोठे चमचे मसाला घालून चांगले उकळावे. चिंचेचा कच्चा वास गेल्याखेरीज त्यात डाळभात घालू नये. घातल्यावर दोन वाट्या कढत पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटे रटरटू द्यावे, तळाला लागू नये म्हणून ढवळत राहावे. वरून साजूक तुपात मोहरी, काजू, हिंग आणि कढीपत्ता यांची फोडणी द्यावी. पातेल्यात असताना तो पातळ वाटला पाहिजे. पानात येईपर्यंत आपोआप दाटतो. पुष्कळांचा येथेच घोटाळा होतो. पातेल्यातच घट्ट केलेला बिसिबेळे पंधरा मिनिटांत वडीसारखा कापता येतो! बरोबर खारी बुंदी किंवा पापड, आणि तुपाची वाटी जवळ असावी.

थंडीच्या दिवसांत म्हैसूरकडे या पदार्थात ‘अवरेकाळु’ पडतात. हे आपले ताजे पावटे. ते भिजवून, बोटांनी दाबून, सालीतून बाहेर काढतात तेव्हा त्यांना ‘हितकिद बेळे’ म्हणजे दाबून काढलेली डाळ म्हणतात. कोकणात वाल सोलून डाळिंब्या काढणाऱ्या हातांना हे काम शिकवावे लागणार नाही.

डब्यातले आणि वाटीतले

भाताच्या गावी पोहेही भरपूर. त्यांचा ‘गोज्जवलक्की’ हा प्रकार एकट्याने राहणाऱ्यांनी अवश्य शिकून ठेवावा, कारण त्याला कांदा चिरावा लागत नाही आणि डब्यात तो संध्याकाळपर्यंत उत्तम राहतो. दोन वाट्या जाड पोहे मिक्सरमध्ये एकदाच फिरवून जाड रव्यासारखे करावेत. पाव वाटी चिंचेचा कोळ, दोन चमचे गूळ, दोन चमचे साराची पूड (नसल्यास सांबार मसाला), मीठ आणि सव्वा वाटी कोमट पाणी एकत्र करून त्यात पोहे वीस मिनिटे भिजत ठेवावेत. मोकळे करून शेंगदाणे व दोन्ही डाळींच्या खमंग फोडणीवर परतावेत. वर सुके खोबरे. आपल्या दडप्या पोह्यांचे हे आंबट-गोड भावंडच म्हणावे.

साराची पूड असा उल्लेख आला. ‘सारु’ हा तेथील रोजचा पातळ पदार्थ. आपल्या टोमॅटोच्या वा आमसुलाच्या साराशी त्याचे नाते नावापासूनच दिसते; फरक इतकाच की त्यात बहुधा तूरडाळीचे पाणी असते. तसेच कोशिंबिरीचे. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, ओले खोबरे, लिंबू आणि मोहरीची फोडणी, न शिजवता केलेली ही ‘कोसंबरी’ रामनवमीला ‘पानक’ नावाच्या गुळाच्या पेयाबरोबर वाटली जाते. कृष्णराजनगरपासून जवळच, कावेरीच्या धबधब्यापाशी, चुंचनकट्टे येथे कोदंडरामाचे प्रसिद्ध देवस्थान असल्याने या भागात रामनवमीचे महत्त्व निराळे सांगायला नको. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे देणाऱ्या घरातील स्त्रीला हा प्रसाद हाती घेताच काय वाटत असेल, याची कल्पना करता येते.

पुरणपोळीचे भावंडही येथे आहेच. म्हैसूरकडे तिला ‘ओब्बट्टु’ म्हणतात, उत्तरेकडे ‘होळिगे’. पुरण पुष्कळदा तूरडाळीचे, पारी सैलसर व तेलात मुरवलेली, आणि पोळी लाटण्याऐवजी केळीच्या पानावर हाताने थापलेली. डाळीचा कट तेथेही फुकट जात नाही. त्याचे ‘ओब्बट्टु सारु’ होते. कटाच्या आमटीप्रमाणे तेही दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते, या मुद्द्यावर दोन्ही प्रांतांचे एकमत आहे.

पाकाची परीक्षा

आता ज्या पदार्थामुळे म्हैसूरचे नाव प्रत्येक मराठी घरात दिवाळीला घेतले जाते, त्याकडे वळावे. म्हैसूरपाक हा कृष्णराज महाराजांच्या राजवाड्यातील काकासुर मादप्पा या आचाऱ्याने प्रथम केला, असे त्यांच्या घराण्यात सांगतात. महाराजांनी नाव विचारले आणि सुचले ते नाव मादप्पांनी सांगितले : गावाचे नाव आणि पाक. या घराण्याचे गुरु स्वीट मार्ट हे दुकान म्हैसूरच्या देवराज मार्केटला लागून, सयाजीराव रस्त्यावर आहे. रस्त्याचे नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांवरून. म्हैसूरपाक विकत घेण्यासाठीदेखील मराठी माणसाला मराठी नावाच्या रस्त्यानेच जावे लागते!

या पदार्थाविषयी घरोघरी एक धास्ती असते आणि ती अगदी निराधार नाही. तीनच जिन्नस : बेसन, साखर, तूप. तिन्ही चांगले असले तरी पाच-सात मिनिटांच्या हलगर्जीने सारे बिघडते. लवकर उतरवला तर हलवा होतो, उशीर झाला तर भुगा होतो. तुपाचे भाव पाहता हा भुगा जिवाला लागतो. म्हणून पहिल्या वेळी अर्ध्या वाटीचाच घाट घालावा आणि तो दिवाळीच्या आदल्या रात्री घालू नये.

प्रमाण सोपे आहे. एक वाटी बेसन, दोन वाट्या साखर, दोन वाट्या तूप, पाऊण वाटी पाणी. बेसन चाळून, मंद आचेवर कोरडेच, कच्चा वास जाईपर्यंत भाजून पुन्हा चाळावे. गुठळी राहिली तर ती पाकात फुटत नाही. ताटाला तूप लावून आधीच हाताशी ठेवावे. शेगडीच्या एका बाजूला जाड बुडाच्या कढईत साखर व पाणी, दुसऱ्या बाजूला तूप तापत ठेवावे. हे तूप शेवटपर्यंत कढत राहिले पाहिजे, सारी किमया त्यातच आहे. पाक एकतारी झाला की एका हाताने बेसन भुरभुरत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे. मिश्रण एकजीव झाल्यावर कढत तूप पळीपळीने घालण्यास सुरुवात करावी. प्रत्येक पळीला मिश्रण फसफसून वर येते, तूप पिते आणि खाली बसते. मग पुढची पळी.

हे फसफसणे म्हणजे काय? पाकात अजून पाणी असते. कढत तुपाचा स्पर्श होताच त्याची वाफ होते आणि ती बाहेर पडताना घट्ट होत चाललेल्या मिश्रणात असंख्य बारीक वाटा पाडते. तीच म्हैसूरपाकाची जाळी. तूप कोमट असेल तर वाफ जोमाने होत नाही आणि वडी दगडासारखी भरीव होते. जाळीसाठी सोडा घालण्याची गरज पडत नाही, ती याचमुळे. ताटात ओतलेल्या वडीचा मधला थर पुष्कळदा लालसर दिसतो. कडा लवकर निवतात, मध्ये उष्णता कोंडून राहते आणि तेथे बेसन आणखी थोडे भाजले जाते. तो दोष नव्हे. जाणकार तर हा लालसर पट्टा पाहूनच वडी पारखतात.

मिश्रण तूप पिण्याचे थांबले, कढईच्या कडा सोडू लागले आणि त्यावर सर्वत्र बारीक छिद्रे दिसू लागली की क्षणही न दवडता ताटात ओतावे. वरून दाबू नये, थापू नये, जाळी मोडते. ताट किंचित कलते ठेवल्यास जास्तीचे तूप निथळून येते. पाच-सात मिनिटांनी, गरम असतानाच सुरीने रेघा पाडाव्यात आणि पूर्ण निवल्यावर वड्या काढाव्यात. हे सारे चालू असताना लहान मुलांना स्वयंपाकघरातून दूर ठेवावे, कारण पाकाचा चटका तुपाहूनही वाईट असतो. फसलेला म्हैसूरपाकही टाकण्याचे कारण नाही. भुगा झाला तर तो दुधात शिजवून त्याची खीर करावी. मुले ती तितक्याच आवडीने खातात, कदाचित अधिकच.

मुलांना स्वतः करू देण्याजोगा गोड पदार्थ मात्र निराळा आहे आणि त्याला विस्तवही लागत नाही. पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या, एका नारळाचे दाट दूध, अर्धी वाटी किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड. गूळ नारळाच्या दुधात विरघळवून त्यात केळी घातली की ‘रसायन’ तयार. म्हैसूरच्या दक्षिणेस असलेल्या नंजनगूडची ‘रसबाळे’ ही केळी भौगोलिक मानांकन मिळालेली आहेत. परंतु मर रोगाने त्यांची लागवड फार आटली. मिळाली तर भाग्य, नाही तर आपली वेलची केळी उत्तम. आपले शिकरण ते हेच, फक्त गाईच्या दुधाच्या जागी नारळाचे. केळे आणि दूध एकत्र खाऊ नये असा ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचा दंडक असेल, तेथे हे रसायन निर्वेधपणे खाता येईल.

नव्या तांदळाचे दिवस

तांदळाबद्दल एक सूचना राहिली. महाराष्ट्रात ‘मसुरी’ या नावाने जो तांदूळ ठाऊक आहे, त्याचा म्हैसूरशी संबंध असावा असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ‘महसुरी’ हे वाण मलेशियातून आले आणि त्याच्या संकरातून पुढचे प्रकार निघाले. म्हैसूर–हासन भागाचा स्वतःचा म्हणावा असा जुना तांदूळ म्हणजे ‘राजमुडी’. लालसर, थोडा जाड, शिजायला वेळ घेणारा आणि पोटाला आधार देणारा. वाडियारांच्या घराण्याशी त्याचे नाव जोडले जाते. तो कमी होत होता. अलीकडे देशी वाणांची आवड असलेल्या शेतकऱ्यांमुळे पुन्हा दुकानांत दिसू लागला आहे. मिळाल्यास तासभर भिजवून शिजवावा.

पौषात कापणी आटोपते आणि नवा तांदूळ घरात येतो. नव्याचा भात चिकट होतो म्हणून एरवी नावे ठेवली जातात, पण संक्रांतीच्या ‘हुग्गी’ला तोच लागतो. नवा तांदूळ आणि भाजलेली मूगडाळ. एक गोड, गुळाची, आणि एक मिरी-जिऱ्याची तिखट. चुंचनकट्टे येथे याच सुमारास जनावरांची जत्रा भरते. आणि घराघरांत ‘एळ्ळु-बेल्ल’ तयार होते : एळ्ळु म्हणजे तीळ, बेल्ल म्हणजे गूळ. आपल्यासारखे लाडू न वळता भाजलेले तीळ, शेंगदाणे, डाळे, सुक्या खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक तुकडे असे सुटेच एकत्र करतात. हे तुकडे एकसारखे कापण्यासाठी घरातील सर्व मंडळी आठ-आठ दिवस आधीपासून विळी आणि अडकित्ता घेऊन बसतात. सोबत साच्यातून काढलेली साखरेची चित्रे असतात. आपल्याकडील हलव्याच्या दागिन्यांचे काम तेथे ती करतात.

संक्रांतीच्या संध्याकाळी नवे परकर नेसलेल्या मुली आईबरोबर हे ताट घेऊन घरोघर जातात. बदली होऊन आलेल्या, अजून कुलूप-किल्लीपुरतीच ओळख झालेल्या बिऱ्हाडाचे दारही त्या वाजवतात. ताटात एळ्ळु-बेल्ल, उसाचे कांडे, केळे. देताना म्हणतात, “एळ्ळु बेल्ल तिंदु, ओळ्ळे माताडि.” तीळगूळ खा आणि चांगले बोला.

दार उघडणाऱ्या मराठी गृहिणीला कन्नडचे चार शब्दही येत नसतात, पण या वाक्याचा अर्थ तिला कोणी सांगावा लागत नाही. आलेले ताट रिकामे परत करू नये, ही शिकवण तिच्याही घरची असते. ती आत जाते, डब्यातून तिळाच्या वड्या काढते आणि त्याच ताटात ठेवते. मुली त्या घेऊन पुढच्या दाराकडे वळतात.